पंचनाम्यात हत्ती एकच असतो

चार-पाच वर्षांपूर्वी मे महिन्यात मामाकडे गेलो होतो, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या अलीकडे, आणि मी पोचलो त्याच्या आदल्याच रात्री बागेत हत्ती येऊन गेला होता. साठेक केळी, सात-आठ पोफळी आणि दोन माड. माड म्हणजे अख्खा माड आडवा आणि शेंड्यातला कोवळा गाभा तेवढा खाल्लेला, बाकी सगळं तसंच पडलेलं. मामी तिकडे बघतही नव्हती, त्यातला एक तिने लग्न होऊन आली त्या वर्षी लावलेला. दुपारी पंचनाम्याला माणूस आला, भला होता, उन्हात फिरून एकेक केळ मोजली, फोटो काढले आणि फॉर्म भरता भरता विचारलं, हत्ती किती होते? मामा म्हणाला, "दोन हुते. मोठो वर रानाच्या कडेक उबो हुतो, ल्हान खाली केळीत." त्याने विचारलं, वरचा बागेत उतरला होता का? मामा म्हणाला, नाय. मग त्याने लिहिलं, हत्ती १.

त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, नुकसान एकानेच केलं होतं आणि फॉर्म नुकसानीचा होता. पण तो वरचा, काही न खाता अंधारात उभा राहिलेला मोठा हत्ती माझ्या डोक्यातून जाईना. तो तिथे का उभा होता? लहानाला सोडून निघून का नाही गेला? त्यानंतर मी हत्तींवर जे मिळेल ते वाचत गेलो, रात्री हत्तीमागे फिरणाऱ्या गावातल्या पोरांशी बोलत गेलो, आणि आता माझं ठाम मत झालंय की महाराष्ट्रात हत्तींवरून जो काही वाद चाललाय त्याच्या मुळाशी हा फॉर्मवरचा "१" आहे. हत्ती हा एकेकटा मोजायचा, एकेकटा पकडायचा, एकेकटा उचलून दुसरीकडे सोडायचा प्राणीच नाही. पकडा, हुसकावा, माग काढणारी कॉलर लावा, जो काय निर्णय घ्यायचा तो घ्या, पण त्याआधी "हा कोणाबरोबर असतो" हे विचारलंच पाहिजे, आणि ते आपण विचारत नाही.

ज्यांना आमच्याकडची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००२ साली कर्नाटकातून दांडेलीच्या बाजूने काही हत्ती मांगेलीला उतरले. त्याआधी आमच्या भागात जिवंत माणसाने रानटी हत्ती पाहिलेला नव्हता, मामा सांगतो की पहिल्या वर्षी लोक हात जोडून उभे राहायचे, गणपती इलो म्हणून नारळ ठेवायचे. मग बागा जायला लागल्या आणि नारळाच्या जागी फटाके आले. हुसकावून परत पाठवायचे प्रयत्न झाले, हत्ती परत आले. २०१५ मध्ये कुडाळ तालुक्यात माणगावच्या खोऱ्यात कर्नाटकातले शिकवलेले हत्ती आणून तीन हत्ती पकडले, त्यांतले दोन पुढे कॅम्पमध्येच मेले. एप्रिल २०२५ मध्ये मोर्ले गावात एका वयस्कर माणसाचा हत्तीने जीव घेतला आणि त्यानंतर पकडण्याची मागणी एवढी वाढली की दुसरं काही कोणी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतं. त्याच वर्षी लोकांनी ज्याला ओंकार नाव दिलंय तो तरुण टस्कर, म्हणजे सुळेवाला नर, बाकीच्या हत्तींपासून तुटून फिरत फिरत गोव्यात पेडण्यापर्यंत गेला, मागे मोबाईल घेऊन ही गर्दी, पुढे भाताची शेतं, आणि मध्ये हे जेमतेम वयात आलेलं जनावर.

आता हत्ती एकत्र राहतात म्हणजे नेमकं काय, ते नीट बघू, कारण "कळप" हा शब्द आपण मेंढरांना वापरतो तसा हत्तींना वापरून मोकळे होतो.

हत्तीच्या कुटुंबात मुळात बायका असतात. एखादी म्हातारी, तिच्या बहिणी, मुली, त्यांची पिल्लं. हत्तीण जवळपास वीस-बावीस महिने पोटुशी असते, एक पिल्लू झालं की पुढचं व्हायला चार-पाच वर्षं जातात, म्हणजे एकेक पिल्लू हे त्या कुटुंबाने फार मोठी किंमत देऊन मिळवलेलं असतं. जन्मलेल्या पिल्लाला सोंडेचं काय करायचं हेही कळत नाही, काही महिने ती नुसती लोंबत असते, कधी कधी स्वतःच्याच पायाखाली येते. काय खायचं, पाणी कुठे, घाट कुठून उतरायचा, भेडल्या माडाचा गाभा कसा काढायचा, माणसाचा वास आला की काय करायचं, हे सगळं ते आईकडून, मावश्यांकडून, थोड्या मोठ्या बहिणींकडून शिकतं. हत्तीचं पुष्कळसं शहाणपण हे रक्तात येत नाही, ते शिकवावं लागतं आणि शिकवणारं कोणीतरी जिवंत आणि जवळ असावं लागतं.

केनियात अंबोसेलीला सिंथिया मॉस यांनी १९७२ पासून हत्तींच्या कुटुंबांची नोंद ठेवलीये, कोण कोणाची मुलगी, कोण कधी मेलं, पिढ्यान् पिढ्या. अशा नोंदींमुळे हळूहळू कळत गेलं की म्हातारी हत्तीण ही नुसती वयाने मोठी नसते. टांझानियात तारांगिरेला १९९३ मध्ये मोठा दुष्काळ पडला, एरवी शंभरात दोन पिल्लं मरायची तिथे त्या काही महिन्यांत वीस मेली. पण ती सगळ्या कुटुंबांत सारखी मेली नाहीत. ज्या कुटुंबांत वयस्कर हत्तिणी होत्या ती पार्कच्या बाहेर पाणी-चारा शोधत निघून गेली आणि त्यांची पिल्लं जास्त वाचली. अभ्यासकांचा अंदाज असा की त्या म्हाताऱ्यांनी लहानपणी, १९६० च्या आसपासचा मोठा दुष्काळ पाहिलेला होता, कुठे जायचं हे त्यांच्या डोक्यात होतं. ज्या कुटुंबातल्या म्हाताऱ्या हस्तिदंतासाठी आधीच मारल्या गेल्या होत्या ते तिथेच थांबलं. आमच्या कोकणात विहीर खणायच्या आधी गावातल्या जुन्या माणसाला विचारतात, पूर्वी पाणी कुठे लागायचं म्हणून, तसंच हे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण टीव्हीवर आफ्रिकेचे हत्ती बघून आपण तेच इथे चिकटवतो. आपल्याकडचे आशियाई हत्ती जरा वेगळे राहतात. श्रीलंकेत उडावालावेला आणि आपल्या कर्नाटकात काबिनीच्या जंगलात वर्षानुवर्षं बघून लोकांनी नोंदवलंय की इथे एका वेळी दिसणारे गट लहान असतात, दोन-चार माद्या नि पिल्लं, आज या तिघी एकत्र, उद्या त्यांतली एक दुसरीकडे, आठवड्याने परत सगळ्या एका ठिकाणी. एकच राणी सगळ्यांना चालवतेय असलं चित्र इथे नीट बसत नाही. पण याचा अर्थ नाती नाहीत असा नाही, उलट नाती मोठ्या परिघात पसरलेली असतात आणि आपल्याला त्यांचा एका वेळी एक तुकडाच दिसतो. दिवाळीला घरी चौघेच दिसले म्हणून घराण्यात चौघेच असं कोणी म्हणत नाही ना.

शिवाय "एकत्र" याचा हत्तीचा अर्थ आपल्यासारखा नाही. १९८४ मध्ये केटी पेन या बाईंना अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभं असताना हवेत काहीतरी थरथरल्यासारखं जाणवलं, आवाज असा काही ऐकू येत नव्हता. रेकॉर्ड करून बघितलं तर माणसाच्या कानाला ऐकूच येणार नाही इतक्या खालच्या पट्टीत ते हत्ती एकमेकांशी बोलत होते, आणि ते आशियाई हत्ती होते बरं का, आपल्याच जातीचे. हा असा खालचा आवाज रानात खूप लांब जातो, किलोमीटरच्या हिशोबात. म्हणजे मधे आख्खी टेकडी असली, आपल्याला इथे एक आणि तिथे एक असे दोन सुटे हत्ती दिसले, तरी ते एकमेकांबरोबरच असू शकतात. मामाच्या बागेवर उभा असलेला तो मोठा हत्ती त्या लहानाबरोबरच होता. फॉर्मवर त्याला जागा नव्हती, एवढंच.

आता नरांकडे येतो, कारण महाराष्ट्रातला सिंधुदुर्गाचा प्रश्न हा मुख्यतः नरांचा आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. आपल्याकडे एकटा फिरणाऱ्या नराला एकांडा म्हणतात आणि पेपरवाले त्याला लगेच पिसाळलेला करून टाकतात. नर दहा ते पंधरा वर्षांचा झाला की आईच्या कुटुंबातून बाहेर पडतो हे खरं. पण बाहेर पडतो म्हणजे जगाशी संबंध तोडतो असं नाही. तो मोठ्या नरांच्या मागे लागतो. त्यांच्यापासून चार हात लांब राहून बघत असतो, ते काय खातात, कुठून जातात, कोणाच्या वाटेला जायचं नाही, मस्त, म्हणजे नराला अधूनमधून चढणारा माज, आली की कसं वागायचं. २०१९ मध्ये निशांत श्रीनिवासय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कर्नाटकातल्या हत्तींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की जिथे जंगल तुटक आणि शेती जास्त अशा भागात तरुण नर एकमेकांना धरून गट करून राहायला लागलेत, आणि ते गट टिकतात, वर्षानुवर्षं. जंगलात जे नर एरवी सुटे राहिले असते ते माणसांच्या शेजारी राहायची वेळ आली तेव्हा एकत्र आले, कारण इथे धोका जास्त, खायला भरपूर, आणि ज्याला आधीचा अनुभव आहे त्याच्या मागे राहिलं तर जीव वाचतो. आमच्याकडचा "मोठो" आणि "ल्हान" हे मला आता तसेच वाटतात.

आणि या मोठ्या नरांना काढलं तर काय होतं, त्याचं उत्तर जगाला आधीच मिळालेलं आहे. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर पार्कमध्ये हत्ती जास्त झाले म्हणून १९६७ पासून १९९४ पर्यंत दरवर्षी हत्ती मारत होते, सरकारीच कार्यक्रम होता तो. मोठे मारायचे आणि काही पिल्लं वाचवून दुसऱ्या पार्कांत न्यायची, कारण मोठे हत्ती न्यायची तेव्हा सोयच नव्हती. पिलानेसबर्ग नावाच्या पार्कात अशी अनाथ पिल्लं नेऊन सोडली. कागदावर सगळं छान होतं, आकडा होता, खायला होतं, पाणी होतं, कुंपण होतं. ती पिल्लं वाढली आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांतल्या तरुण नरांनी चाळीसहून जास्त पांढरे गेंडे मारले. हत्ती असे गेंडे मारत सुटलेत हे त्याआधी कोणी बघितलं नव्हतं. या पोरांना फार कमी वयात मस्त यायला लागली होती आणि ती महिनोन् महिने उतरत नव्हती. मग १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा मोठे वयस्कर नर आणून तिथे सोडले. मोठा नर आसपास असला की लहानाची मस्त दबते, ती लवकर उतरते. पोरांचं डोकं ठिकाणावर आलं, गेंडे मारणं थांबलं. बंदूक नाही, साखळी नाही, फक्त सहा म्हातारे.

पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच पिलानेसबर्गच्या हत्तींना आणि अंबोसेलीच्या हत्तींना वेगवेगळ्या हत्तींचे आवाज स्पीकरवर ऐकवून बघितले. अंबोसेलीचे हत्ती ओळखीचा कोण, परका कोण, वयाने मोठा कोण हे आवाजावरून ओळखून तसे सावध व्हायचे, गोळा व्हायचे. पिलानेसबर्गच्या अनाथ वाढलेल्यांना ते जमत नव्हतं. वीसेक वर्षं उलटून गेली होती, पोटाला भरपूर होतं, आणि तरीही ते शिकायचं राहिलं ते राहिलंच. मला हे वाचून खरंच त्रास झाला.

म्हणून मी विचारतो, सिंधुदुर्गात पकडायची वेळ येते तेव्हा आपण कोणाला पकडायला निघतो? बहुतेक वेळा जो सगळ्यात मोठा, सगळ्यांना दिसणारा, सुळेवाला, ज्याचा व्हिडिओ फिरतोय त्याला, किंवा मग जो तुटून एकटा पडलाय आणि म्हणून हाताला लागायला सोपा आहे त्याला. मोठा काढला तर मागे राहिलेल्या लहानाला आवरणारं कोणी राहत नाही. लहान काढला तर तो आयुष्यभर साखळीला, आणि दांडेलीकडून पुढच्या वर्षी दुसरा येईलच, कारण वाट तीच आहे, केळी तीच आहे. कर्नाटकात हासनला कितीतरी हत्ती पकडून झाले, तिथले कॉफीवाले आजही हत्तींचंच बोलतायत.

पकडून लांब नेऊन सोडू, हा दुसरा उपाय आपल्याकडे कोणीही सहज सुचवतो. श्रीलंकेत हे करून बघितलंय, नीट शास्त्रशुद्ध. बारा त्रासदायक नरांना पकडून, गळ्यात जीपीएस कॉलर घालून संरक्षित जंगलांत नेऊन सोडलं आणि मग ते काय करतात ते बघितलं. काही सरळ घराकडे परत निघाले, काही दिशाहीन भटकत राहिले, काही नव्या जागी राहिले पण तिथल्या गावांना नवा त्रास सुरू झाला. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि निष्कर्ष असा होता की असं हलवल्याने संघर्ष कमी न होता वाढतो, पसरतो, माणसंही जास्त मरतात आणि हत्तीही. जुन्नरच्या बिबट्यांचं विद्या अत्रेय यांनी जे दाखवून दिलं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं, पकडून दुसरीकडे सोडलेल्या बिबट्यांनंतर हल्ले वाढले. आणि बिबट्या तर एकटा राहणारा प्राणी. मग ज्याचं सगळं जगणंच दुसऱ्यांच्या आधाराने चालतं त्या हत्तीचं काय होत असेल.

आता समोरच्या बाजूचं. ती बाजू माझ्याच घरात आहे. मामाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुझा खरा आसात रे, पण माड माजो गेलो ना. याला माझ्याकडे उत्तर नाही. एक माड धरायला सात-आठ वर्षं लागतात, पोफळीचंही तसंच, आणि भरपाई मिळते ती उशिरा मिळते. मी पुण्यात राहतो, रात्री मला झोप लागते, बाहेर काही मोडल्याचा आवाज आला तर मी मांजर समजतो. हत्तीच्या भागात न राहता हत्तीवर प्रेम करणं फार सोपं आहे आणि पुण्या-मुंबईतल्या लोकांनी कमेंटमध्ये "माणसांनीच जंगल खाल्लं" असं लिहिलं की मोर्ल्यातल्या माणसाच्या मनात हत्तीबद्दल उरलीसुरली माया संपते हे मी डोळ्यांनी बघितलंय. पहाटे काजू गोळा करायला जाणाऱ्या माणसाने जीव मुठीत धरून का जावं? एखादा हत्ती ठरवून माणसांवर जातो, पुन्हा पुन्हा जातो, हे नक्की झालं तर त्याला पकडावंच लागेल आणि मी त्याच्या आड येणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते "नक्की" करण्यासाठी तो कोण, वय काय, कोणाबरोबर असतो, आणि तो गेल्यावर मागे कोण उरतं, हे आधी माहीत असावं लागतं. आज ते माहीत नसताना निर्णय होतात, मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी होतात.

गडचिरोलीत तर चित्र अजून वेगळं आहे आणि तिथे चुकलो तर जास्त महागात पडेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये ओडिशातून छत्तीसगडमार्गे वीसहून जास्त हत्तींचा कळप गडचिरोलीत आला, पुढे गोंदियाच्या बाजूलाही जाऊन आला. हा माद्यांचा, पिल्लांचा खरा कुटुंबकबिला आहे. तिथे धानाची शेती, लोकांच्या झोपड्या, मोहफुलं साठवलेली घरं, आणि हत्तीला मोहाचा वास लांबून येतो. माणसंही मेलीत तिथे. पश्चिम बंगालहून हुल्ला टीम, म्हणजे हत्ती हुसकावणाऱ्यांची टीम, आणली, ती माणसं अनुभवी आहेत. पण जिथे अनुभवी माणूस नसतो तिथे हुसकावणं म्हणजे मशाली, सुतळी बॉम्ब, ट्रॅक्टरचे हॉर्न आणि दोनशे पोरं चारी बाजूंनी. असं केलं की कळप फुटतो. अर्धे इकडे, अर्धे तिकडे, पिल्लू एकीकडे नि आई दुसरीकडे, आणि पिल्लू हरवलेली हत्तीण काय करते ते हत्तीच्या भागातल्या कोणालाही विचारा. जो कळप एका रात्रीत एका शेतातून गेला असता तो फुटल्यावर चार गावांत घुसतो. धान वाचवायला लावलेले फटाके धानाचंच नुकसान वाढवतात, आणि हे मी हत्तीच्या बाजूने बोलत नाहीये, शेतकऱ्याच्याच बाजूने बोलतोय.

आपली भाषाही आपल्याला फसवते. बातमी येते, हत्तींच्या टोळीचा धुमाकूळ, म्होरक्याला जेरबंद करा. टोळी म्हटलं की दरोडेखोर, म्होरक्या म्हटलं की गुंड, आणि म्होरक्या पकडला की टोळी मोडते हा पोलिसी हिशोब आपोआप डोक्यात येतो. लांडग्यांचं असंच झालं होतं. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांवर लिहिलं, तिथे मारामाऱ्या, वर्चस्व, कोण वरचा कोण खालचा, त्यातून ते अल्फा प्रकरण, म्हणजे मारामारी करून वर चढलेला गटाचा दादा, जगभर पसरलं. डेव्हिड मेक यांनी स्वतःच्या पुस्तकातून ते लोकप्रिय केलं होतं आणि रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की रानात तसं नसतं, तिथे लांडग्यांचा गट म्हणजे आई, बाप आणि त्यांची मुलं. अल्फा वगैरे कोणी नाही, आईबाप आहेत. एका शास्त्रज्ञाने आपलंच म्हणणं असं उघड दुरुस्त करणं याला मोठं मन लागतं. आपल्याकडे आजही मोटिव्हेशनल व्हिडिओत अल्फा मेल चालूच आहे ते सोडा, पण वन्यप्राण्यांचे निर्णय घेताना तरी टोळी आणि म्होरक्या हे शब्द टाकून द्यायला काय हरकत आहे. गजेंद्रमोक्षाच्या गोष्टीतसुद्धा गजेंद्र तळ्यावर एकटा येत नाही, हत्तिणी, पिल्लं, सगळा परिवार घेऊन येतो, आणि नक्र पाय धरतो तेव्हा बाकीचे हत्ती त्याला ओढून बघतात. गोष्ट रचणाऱ्याने हत्ती नीट बघितलेले होते.

२०२५ च्या जुलैत नांदणीच्या जैन मठातली हत्तीण कोर्टाच्या आदेशाने गुजरातला वनतारात नेली, तेव्हा अख्खा कोल्हापूर जिल्हा हळहळला, लोक रडले, मोर्चे निघाले. ते रडणं खरं होतं, मी त्याला खोटं म्हणणार नाही, कोल्हापूरकरांचा जीव होता तिच्यावर. पण त्या सगळ्या दिवसांत दोन्हीकडून माणसंच बोलत होती, ती आमची, तिची सेवा आम्ही करतो, आम्ही चांगली करू. तिला इतकी वर्षं दुसऱ्या हत्तींची सोबत मिळाली का, आणि पुढे कोणाबरोबर राहणार, ते तिला मानवेल का, हा प्रश्न माझ्या ऐकण्यात फार कमी आला. हत्तीला माणसाचा लळा लागतो, पण हत्तीची भूक हत्तीनेच भागते.

मग करायचं काय. पैसा आणि माणसं अमाप लागतील असं काही मी सांगत नाहीये. तमिळनाडूत वालपारईला चहाच्या मळ्यांमध्ये नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी आधी काही वर्षं नुसते कळप बघितले, कोणता कळप कधी येतो, कुठून जातो, आणि मग २०११ पासून मळेकऱ्यांच्या मोबाईलवर मेसेज सुरू केले, हत्ती आज अमुक भागात आहेत म्हणून, रस्त्यांवर लांबून दिसणारे लाल दिवे लावले जे मोबाईलवरून पेटवता येतात. तिथे हत्तींमुळे होणारे मृत्यू कमी झाले, कारण तिथले बरेचसे मृत्यू हत्ती आहे हे माहीत नसताना समोरासमोर आल्याने होत होते. हासनच्या बाजूला कळपातल्या एका मादीला कॉलर लावतात, म्हणजे बाकीचे कुठे आहेत तेही कळतं, कारण ते एकमेकांना सोडत नाहीत. कळप हे संकट न मानता कळपाचाच उपयोग करून घेतलेला आहे हा. आमच्या दोडामार्गात पाच-सात हत्ती, त्यांचे कान, शेपट्या, सुळे गावातल्या पोरांना तोंडपाठ आहेत, गणेश कोणता, बाहुबली कोणता हे ती टॉर्चच्या उजेडात सांगतात, रात्रभर अनवाणी त्यांच्या मागे फिरतात. त्यांना नीट पगार देऊन, एक वही देऊन, कोण कोणाबरोबर दिसला एवढं रोज लिहायला सांगितलं तर दोन वर्षांत आपल्याकडे अशी माहिती असेल जी आज कोणाकडेच नाही. देशातल्या हत्तींची शेवटची मोजणी, २०२५ मध्ये आलेली, हत्तीच्या लिदीतल्या डीएनएवरून केलीये, २२,४४६ असा अंदाज आला. त्याच लिदीवरून कोण कोणाचं रक्ताचं आहे हेही काढता येतं. मग सिंधुदुर्गाच्या आणि गडचिरोलीच्या हत्तींचं ते काढा आणि पकडायच्या प्रत्येक प्रस्तावाला जोडा.

भरपाई लवकर, तीही बाजारभावाने, हे तर आहेच, त्याशिवाय वरच्यातलं काहीही टिकणार नाही. ज्याच्या बागेत हत्ती येतो त्याने हत्तीचं कुटुंब सांभाळावं अशी अपेक्षा असेल तर त्याचं कुटुंब आपण सगळ्यांनी मिळून सांभाळायला हवं. खर्चाचं म्हणाल तर पकडणं स्वस्त नसतं. दुसऱ्या राज्यातून हत्ती-माहूत आणा, ट्रक, क्रेन, डॉक्टर, मग कॅम्प, रोजचा चारा, आणि पकडलेला तरुण हत्ती जगला तर अजून चाळीस-पन्नास वर्षं जगतो. तेवढ्या पैशात किती पोरांना पगार देता येईल याचा हिशोब एकदा तरी जाहीर करा.

मामाने मात्र माझी वाट बघितली नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो दूध आणि गॅसच्या तारखांच्या मधे हत्ती लिहायला लागलाय, मोठा म्हणजे मो, लहान म्हणजे ल्हा, एकत्र असले तर मधे अधिक चिन्ह. मागच्या पावसाळ्यापर्यंत सगळीकडे मो+ल्हा, मो+ल्हा. गेल्या महिन्यात त्याने मला व्हॉट्सॲपवर त्या पानाचा फोटो पाठवला. ओळीने चार तारखांना नुसतं ल्हा लिहिलंय, आणि चौथ्यापुढे बारीक अक्षरात, सकाळी आठ वाजले तरी गेलो नाय, हयच उबो.